हौदातलं पाणी आणि दारावरची नोटीस

सोलापुरात डासांचं गणित नळाच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. शहराला नळाचं पाणी रोज येत नाही. ते चार-पाच दिवसांआड येतं, उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटली की त्याहूनही उशिरा. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की घर बांधतानाच जमिनीतला हौद, गच्चीवरची टाकी आणि न्हाणीतली दोन-तीन बॅरल यांची जागा धरली जाते. ज्यांना हौदापुरतीही जागा नाही त्यांच्या गल्लीत दारोदार निळी पिंपं उभी असतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला याहून सोयीचं काही नाही. गटारातल्या घाण पाण्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं साठवलेलं, हलवलं न जाणारं, स्वच्छ दिसणारं पाणी. मादी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यांना पाणी लागलं की अळी, मग कोष, आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो.

असा अळ्यांनी वळवळणारा हौद कायद्याच्या भाषेत उपद्रव ठरतो. १९४९ साली मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने आलेल्या आणि आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात उपद्रवाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. एखादं कृत्य, करायला हवं होतं पण केलं नाही असं काम, जागा, जनावर किंवा वस्तू, यांतल्या कशामुळेही डोळ्यांना, नाकाला, कानाला त्रास होत असेल, किंवा जीव, आरोग्य, मालमत्ता यांना धोका पोचत असेल, तर तो उपद्रव. कुजलेला उकिरडा यात येतो, तुंबलेलं गटार येतं, मोकाट डुकरं येतात, रात्रभर चालणारा यंत्रमाग येतो आणि घासला न गेलेला हौदही येतो.

पण ही व्याख्या वाचताना मनात एक माणूस गृहीत धरलेला असतो. उपद्रव आहे म्हणजे तो करणारा कोणी तरी आहे, त्याचं नाव-पत्ता आहे, त्याला नोटीस देता येते. सोलापूरची अडचण इथे सुरू होते. इथले सर्वांत घातक उपद्रव दिसतात एकाच्या दारात आणि तयार होतात दुसऱ्याच्याच हातून. आरोग्य खात्यातल्या माणसाचं खरं कसब मला या फरकात दिसतं. समोरच्या माणसाला नोटीस द्यायची की त्याच्या बाजूने पाठीमागच्या खात्याला पत्र लिहायचं, हे त्याने दारात उभं राहून ओळखायचं असतं.

हिवताप विभागाचे कर्मचारी घरोघर फिरतात तेव्हा त्यांच्या हातात बॅटरी असते, खिशात खडू आणि पिशवीत टेमीफॉस, ज्याला सगळे त्याच्या व्यापारी नावाने अबेट म्हणतात. हौदाचं झाकण उघडायचं, बॅटरीचा झोत पाण्यावर तिरका धरायचा, अळ्या दिसतात का पाहायचं. मग बॅरल, रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवर पडलेले टायर. तपासलेली घरं, अळ्या सापडलेली घरं, तपासलेली भांडी, अळ्या सापडलेली भांडी अशी नोंद होते. समजा १०० घरं पाहिली, २० घरांत अळ्या निघाल्या आणि त्या घरांतली मिळून ३५ भांडी दूषित होती, तर घर निर्देशांक २० आणि ब्रेटो निर्देशांक ३५. कोणत्या पेठेत साथ उसळण्याची शक्यता आहे हे ताप येण्याच्या आधी सांगणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. गल्लीत धूर सोडणारं यंत्र आलं की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, नगरसेवकांकडे मागणीही धुरळणीचीच होते. पण धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो, तोही त्याच्यापर्यंत पोचला तर. एडिस दिवसा चावतो आणि घरात, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत विसावतो. हौदातली अळी धुराने मरत नाही.

या फेरीत कर्मचाऱ्याला दर दुसऱ्या घरी एक उत्तर ऐकायला मिळतं. “अक्का, हौद रिकामा करून घासा, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा,” असं तो म्हणतो. आतून उत्तर येतं, “ओतून दिलं आणि उद्या पाणी सुटलं नाही, तर लेकरांना काय पाजू?” हे उत्तर आडमुठेपणाचं नाही. त्यात साधा हिशेब आहे, आणि तो नीट मांडला पाहिजे.

पाणी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येणार अशी खात्री असेल तर पाच दिवसांआडच्या पाण्यातही डेंग्यू रोखता येतो. पाचव्या दिवशी सकाळी हौद तळाला जातो, भिंती खराट्याने घासून चिकटलेली अंडी काढता येतात आणि दुपारी नवं पाणी भरता येतं. अळीला डास व्हायला लागणारे आठ-दहा दिवस तिला मिळतच नाहीत. पण पाणी पाचव्या दिवशी येईल, सातव्या दिवशी, की चावीवाला रात्री दोनला व्हॉल्व्ह फिरवेल, हे सांगता येत नसेल तर कोणतीही शहाणी गृहिणी तळाशी दोन हात पाणी राखूनच ठेवते. नवं पाणी जुन्यावर पडतं. हौद महिनोन्महिने पूर्ण रिकामा होत नाही. अळीला हवे तितके दिवस मिळतात. अंडी तर कोरड्या भिंतीवरही कित्येक महिने जिवंत राहू शकतात, म्हणजे एकदा चुकलेली घासणी पुढच्या हंगामात अंगावर येते. आजार फैलावण्यात दोन पाळ्यांमधल्या अंतराइतकाच, किंबहुना माझ्या मते अधिक, वाटा त्या अंतराच्या बेभरवशाचा आहे. पाणीपुरवठा विभागाने पेठवार वेळापत्रक लावलं आणि ते पाळलं, तर ते अबेटच्या कित्येक डब्यांचं काम करील. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात साठवण सुटणार नाही. ती निर्धोक करता येईल.

म्हणून समजदार कर्मचारी रिकामा न होणाऱ्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडतो. अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं, आणि ते फार जपावेही लागत नाहीत. पिण्याच्या पाण्यात मासे नकोत म्हणणाऱ्या घरात तो घट्ट झाकण किंवा जुन्या धोतराचं फडकं बांधायला सांगतो. अबेट पिण्याच्या पाण्यात ठरलेल्या मात्रेत चालतं, पण वास येतो म्हणून पुष्कळ जण कर्मचारी गेल्यावर पाणी बदलतात, हे त्यालाही माहीत असतं.

आता नोटिशीकडे येऊ. उपद्रवावर माणूस नेमण्याची कल्पना इंग्लंडातली. बंदरामुळे माणसांनी तुडुंब भरलेल्या लिव्हरपूल शहराने १८४४ मध्ये टॉमस फ्रेश यांना उपद्रव निरीक्षक नेमलं आणि १८४७ मध्ये डॉ. विल्यम डंकन यांना देशातले पहिले आरोग्य अधिकारी केलं. त्या जोडीचे वंशज म्हणजे आपल्याकडचे आरोग्य निरीक्षक आणि वैद्यकीय आरोग्य अधिकारी. हिंदुस्थानात मात्र ही सत्ता फार कडू रूपात लोकांच्या घरात शिरली. प्लेगच्या वेळी, १८९७ च्या साथरोग कायद्याच्या जोरावर, पुण्यात सोजिरांनी केलेल्या घरझडत्या आणि त्यातून झालेला रँडचा वध आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे. त्या कायद्याने सव्वाशे वर्षं काढली, २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीतही तोच बाहेर काढला गेला.

महापालिका कायदा निदान कागदावर तरी त्या झडत्यांपासून दूर गेलेला आहे. तपासणीसाठी घरात शिरायचं ते सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, पूर्वसूचना देऊन, घरातल्या बायकांना आत सरायला अवधी देऊन आणि राहणाऱ्यांच्या रीतिरिवाजांचा मान ठेवून. तक्रार आली किंवा स्वतःच्या फेरीत उपद्रव दिसला की निरीक्षक जागेची पाहणी करतो, गरज पडल्यास पंचनामा करतो. मग मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस जाते. काय हटवायचं, काय दुरुस्त करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यात असावं लागतं. मुदत टळली तर महापालिका ते काम स्वतः करून घेऊ शकते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. खटला हा शेवटचा टप्पा. चांगला निरीक्षक तिथवर फार थोडी प्रकरणं नेतो, कारण दंडाच्या पावतीने गटार उपसलं जात नाही.

नोटीस नेमकी कशी असावी आणि तिची मर्यादा कुठे, हे पाहायचं तर शहराच्या पूर्व भागात जावं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. घराच्या पुढच्या खोलीत किंवा लागून असलेल्या शेडमध्ये माग, मागच्या खोलीत संसार. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मागांवर. चालू मागांच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हवेत सुताचा तूस तरंगतो, तो आधी विणकराच्याच छातीत जातो. शेजारच्या घरात बारावीचा अभ्यास असेल किंवा बाळंतीण असेल तर तक्रार येते, आणि तक्रार करणाऱ्याच्या घरातही बहुधा कोणी ना कोणी मागावरच राबत असतं. धोकादायक किंवा उपद्रवकारक वापर थांबवण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना आहे. पण माग बंद पाडणं म्हणजे त्या घराची चूल बंद पाडणं. इथे उपयोगी पडतात ते छोटे उपाय. मागाच्या पायाखाली रबरी गाद्या, शेजाऱ्याच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवणं, तूस ओढून घेणारा पंखा, रात्रपाळीची वेळ आधी आटोपणं. नोटिशीत ‘उपद्रव बंद करावा’ एवढंच लिहिलं तर ती फाइलमध्ये जाते. ‘पूर्वेची खिडकी पंधरा दिवसांत बंद करावी’ असं लिहिलं तर गवंडी येतो.

उपद्रव करणारी खुद्द पालिकाच असेल तर? या प्रश्नाचं उत्तर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी मिळवलं. न्यू रोड भागात उघडी गटारं, शौचालयांच्या अभावी रस्त्याकडेलाच बसणारी माणसं, मद्यार्क कारखान्याचं सांडपाणी आणि डास. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली आणि दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेलाच उपद्रव दूर करण्याचा हुकूम दिला. नगरपालिका भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, कारण सांगितलं पैसे नसल्याचं. १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ते कारण फेटाळलं. कायद्याने लादलेलं सार्वजनिक आरोग्याचं कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. गटारं बांधण्याला आणि शौचालयं उभारण्याला न्यायालयाने मुदत घालून दिली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तिच्याखाली हुकूम काढू शकतो. सार्वजनिक उपद्रवाचा साधा दंड मात्र नव्या न्याय संहितेतही एक हजार रुपयांपर्यंतच आहे, पूर्वी तो दोनशे होता. म्हणजे ताकद दंडात नाही, काम करून घेणाऱ्या हुकमात आहे. सोलापूरच्या किती रहिवासी संघांना हे दार ठाऊक आहे? १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागांत रस्त्यावर वाहणाऱ्या सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होतात, आणि त्या बहुतेक निवेदनांच्या रूपातच राहतात.

निवेदनांचा आणखी एक घोटाळा होतो तो पत्त्याचा. उघड्यावरच्या शिळ्या, माशा बसलेल्या खाद्यपदार्थांची तक्रार लोक सवयीने इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात नेतात. पण अन्नसुरक्षा कायदा २०११ मध्ये लागू झाल्यापासून ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. कारखान्याच्या रंगीत पाण्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, लाउडस्पीकरची पोलिसांकडे, साचलेल्या कचऱ्याची विभागीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे, तापाच्या रुग्णांची जवळच्या नागरी आरोग्य केंद्राकडे. तक्रारीत जागेची खूण, त्रास कधीपासून आहे ती तारीख आणि घरात कोणी आजारी असेल तर ते, इतकं लिहावं आणि पोच घ्यावी. एकाच गल्लीतून तीन घरांना जुलाब लागले असतील तर ती ओळ तक्रारीत सर्वांत वर हवी. ती वाचून चांगला अधिकारी झाडूवाल्याच्या आधी पाणी तपासणाऱ्याला पाठवतो.

कारण अधूनमधून येणाऱ्या पाण्याची दुसरी बाजू डासापेक्षा वेगाने माणूस मारते. नळ चालू असतो तेव्हा आतल्या दाबामुळे पाणी गळतीतून बाहेर जातं. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी पडते, आणि तिच्या शेजारून गटार जात असेल तर त्याच भेगेतून मैला आत झिरपतो. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली की ती वाहिनीतून पाण्याबरोबर ही घाणही ओढते. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वांत धोक्याची. आरोग्य खात्याची इथली तपासणी म्हणजे ओटी. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर वाटेत कशाने तरी तो खाऊन टाकला आहे. हा नमुना टाकीपाशी घेऊन काही कळत नाही. तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी, झोपडपट्टीतल्या शेवटच्या नळावर घ्यावा लागतो. तिथे रंग उमटला नाही की गळती शोधायची, चेंबर उघडायचे, मुरूम खणायचा. काम चिखलाचं आहे आणि तेच जीव वाचवतं. गळती सापडेपर्यंत आरोग्य केंद्र क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं वाटतं, पाणी उकळून प्यायला सांगतं.

ग्रामीण भागात याच कामाला राज्याने एक साधी पद्धत लावली आहे. वर्षातून दोनदा गावातल्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राखलं तर चंदेरी. विहिरीचा कठडा फुटलाय का, स्रोताशेजारी उकिरडा आहे का, टीसीएल पावडरचा साठा आहे का आणि जलसुरक्षक ती रोज टाकतो का, हे पाहिलं जातं. ग्रामसभेत लाल कार्डाची चर्चा झाली की सरपंचाला ते झोंबतं. कायद्याच्या कलमाने जे होत नाही ते गावच्या अब्रूने होतं, आणि या पद्धतीचं मोल मला त्यातच वाटतं.

जिल्ह्यातला सर्वांत मोठा धडा मात्र पंढरपूरने दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकात वारी आणि पटकी यांची नावं सरकारी अहवालांत जोडीने येत. चंद्रभागेचं वाळवंट, लाखो माणसं, शौचाची सोय नाही आणि तेच पाणी पिण्याला. अशा गर्दीत कोणाला नोटीस देणार? अलीकडेही, हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या सुमारास वाळवंटाच्या स्वच्छतेबद्दल कडक आदेश दिले, तेव्हा प्रशासनाला वारकऱ्यांची व्यवस्था वेगळी उभारावी लागली. नदीपलीकडे ६५ एकरांवर राहुट्यांची जागा आखली गेली, पालख्यांच्या मुक्कामी फिरती शौचालयं आली, टँकर भरण्याच्या ठिकाणी ओटी तपासणारे कर्मचारी बसले. माणसाला शिस्त लागते ती सोय झाल्यावर. वारकरी वाळवंटावर बसत होता तो हौसेने नव्हे, आणि सोलापुरातली अक्काही हौदाच्या तळाला पाणी हौसेने राखत नाही.

शेवटी त्या पाण्याच्या उगमाकडे पाहावंच लागतं. सोलापूर ज्यावर जगतं ते उजनीचं पाणी, सुमारे ११० किलोमीटर जलवाहिनीतून येणारं. उजनीच्या वर भीमेच्या खोऱ्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. मुळा-मुठा आणि पवनेतून येणाऱ्या त्यांच्या मैलापाण्याचा मोठा भाग पुरेशी प्रक्रिया न होताच यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, येऊन थांबतो, आणि उन्हाळ्यात जलाशय शेवाळाने हिरवा पडतो. कायद्याच्या व्याख्येत हा उपद्रव अचूक बसतो, फक्त करणारा दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि त्याच्या दारावर नोटीस लावण्याचा अधिकार सोलापूरच्या आरोग्य अधिकाऱ्याला नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ, राज्य सरकार आणि न्यायालयं यांच्याकडेच तो आहे. सोलापूरच्या हाती उरतं ते पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात तुरटीची आणि क्लोरीनची मात्रा वाढवणं. पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त तितकं क्लोरीन तिथेच खर्च होतं, शेवटच्या नळापर्यंत पोचणारं कमी उरतं आणि नको ती रासायनिक संयुगंही तयार होतात. पुण्यातल्या एका मैलाशुद्धीकरण केंद्राचं रखडणं हे असं पूर्व भागातल्या शेवटच्या नळावरच्या ओटीत दिसतं. त्या ओटीची नोंद आज सोलापूरच्या वहीत राहते. ती दर महिन्याला, तारीख आणि ठिकाणासह, पुण्याच्या दोन्ही महापालिकांकडे आणि मंडळाकडे पाठवण्याची प्रथा सोलापूर महापालिकेने पाडावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि १९८० चा रतलामचा निकाल हाताशी आहेच.